दोरीचा बाण

ता. २६ मे १९३४, शनिवार

दयाराम आला! मोसमातली शेवटची बोट आणि तिच्यातनं माझा नातू उतरला. मी खडकावर कालवं काढत होते, तशीच धावले, हातात कोयती. अहमद तांडेल मचव्यातनं ओरडतो, "काकी, कोयती टाक आधी, पोर भिऊन परत मुंबईस जायल!" मेला, त्याला सगळ्याची थट्टा.

गिरणीतलं काम सोडून आलाय. यंत्रं दुरुस्त करायचा तिथं. चंद्राबाईनं – माझी सून, त्याची आई – दारातच विचारलं, "का सोडलंस?" मी म्हटलं, अगो बाय, आधी भाकरी तर वाढ! तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं, जवळ्याच्या चटणीबरोबर. मुंबईच्या पावानं पोट भरतं काय माणसाचं?

चोवीस वर्षांचा झाला. मिशी ठेवलीय. माझ्या रामचंद्राची, त्याच्या बापाची, अशीच होती. – नको, आज ते नको. आज मी खूश आहे.

ता. ३० मे, बुधवार

आज कळलं का आला ते. बाण करायला! मला हसूच आलं. म्हटलं, अरे, बाण करायला मुंबई कशाला सोडायला हवी? चार पिढ्या आपण दुसरं काय करतो? जत्रा असो, लग्न असो, उरूस असो, अलिबागेपासून मुरुडापर्यंत दारूकाम म्हटलं की लोक आमचंच दार ठोठावतात. मामंजी सांगायचे, फार पूर्वी आपल्या घरचे बाण किल्ल्यावर जायचे, काठीला पातं बांधून, शत्रूचे घोडे बुजवायला. मग इंग्रज आला. पातं गेलं, फुलं राहिली. बरंच झालं. फुलं बघून कोणी रडत नाही.

दयाराम म्हणतो, "आजी, तसला नव्हे. दोरी नेणारा. रॉकेट म्हणतात त्याला." रॉकेट म्हणे! बाण म्हण की सरळ.

विलायतेत दर्याकाठी असे बाण ठेवलेले असतात. गलबत खडकावर चढलं की किनाऱ्यावरनं बाण सोडायचा, त्याच्या मागं बारीक दोरी. ती गलबतावर पडली की तिच्या मागनं जाड दोर ओढून घ्यायचा आणि माणसं धरून धरून बाहेर यायची. वर्तमानपत्रातलं चित्र दाखवलं मला. त्याच पानावर आणखी एक – बाणातनं टपाल पाठवतात! मी म्हटलं, मग आपल्या टपालवाल्यानं काय करायचं? आणि पत्र वाटेत जळलं तर? कोणी तर त्यात बसून चंद्रावर जायचं म्हणतोय. जाऊ दे बापडा.

खूप हसलो. मग त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. त्यानं नाव घेतलं नाही, मीही नाही. दोरी कशासाठी ते दोघांना माहीत.

इथं लिहिते, इथं कोण वाचतंय. दोन वर्षांमागं, असाच वैशाख. बोटीवरचे उतारू घेऊन मचवा येत होता. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलीय, तिथं लाटेनं उलटा केला. रामचंद्र त्यात होता. उलट्या मचव्याला धरून राहिला – किती वेळ! किनाऱ्यापासून ऐंशी वाव असेल, नव्वद असेल – दोन्ही हात पसरले की एक वाव. सगळा गाव उभा. अहमद दोरी फेकतोय, फेकतोय, दहा-पंधरा वावांवर पाण्यात पडतेय. त्याला पोहत जाता येईना, लाटा तशा. रामचंद्र मला दिसत होता. त्यालाही मी दिसत असेन.

मग तिथं नुसता मचवा होता.

दयाराम तेव्हा मुंबईला होता. त्यानं पाहिलं नाही. तरी तोच दोरी करायला आला.

ता. २० जून, बुधवार

खोपी साफ केली. माडांच्या मागं, घरांपासून लांब आमची खोपी, तिथंच सगळं दारूकाम. आत जाताना अंगावर धातू नको. ठिणगी पडली तर खोपी उडेल. जोडवी नको, नथ नको, मंगळसूत्राची वाटीसुद्धा नको. आता सवाशीण बाई हे सगळं काढून कशी बसेल? म्हणून आमच्या घरात नळकांड्यात मसाला ठासायचं काम विधवेचं. मला सव्विसाव्या वर्षी मिळालं. आधी सासूबाईंच्या आत्याकडं होतं. लाकडी दांडा, लाकडी मोगरी. प्रत्येक चिमटीला सारखे ठोके, ना हलके ना जड. मामंजी म्हणायचे, सगुणेचा हात म्हणजे घड्याळ. माझी एवढी स्तुती दुसऱ्या कशाची कोणी केली नाही हो!

परवा चंद्राबाईला म्हटलं, तूही ये आत, शिकून ठेव. ती म्हणाली, "मला काढायला तरी काय उरलंय?" आणि आली. पण हात जड आहे तिचा. राग मोगरीत उतरतो.

ता. १५ जुलै, रविवार

पहिला सुटला आणि मागं वळून आमच्याच अंगावर आला! मी, दयाराम, अहमद, तिघं चिखलात आडवे. अहमद म्हणतो, "काकी, तुज्या नातवाचा बान बायकोसारखा हाय. जातो रागानं, पन फिरून घरीच येतो." त्याच्या बायकोला, हुस्नबानूला सांगते, थांब.

दयाराम हसला नाही. वहीत आकडे लिहीत बसला.

ता. २ ऑगस्ट

आठवा खाडीत. नववा चिंचेवर.

कागदाच्या नळीत एवढा जोर मावत नाही म्हणतो. आता पत्र्याचं नळकांडं करणार. आमच्या घरात पत्रा कधी वापरला नव्हता. मी म्हटलं, तुझं तुला माहीत.

ता. २४ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पुनव

गेला! गेला! गेला!

कोळ्यांनी दर्याला नारळ वाहिला, आणि तिथंच, सगळ्यांसमोर दयारामनं बाण लावला. दोरी अहमदनं दिलेली, बारीक, काथ्याची. ती पेटीत खुंट्यांवरनं अशी नागमोडी घालून ठेवायची की ओढली की गुंता न होता सुटावी. ती मी घातली. तीन वेळा उसवून घातली. वात पेटली, फुस्स झालं, मला वाटलं संपलं – आणि मग असा आवाज करत गेला! पेटीतनं दोरी सरसर सरसर निघतेय, संपतच नाही. समोर अहमदची होडी नांगरून ठेवलेली, बरोब्बर तिच्यावरनं. अहमद होडीत उभा राहून दोरी ओढतोय, नाचतोय. मोजली तर एकशे दहा वाव!

एकशे दहा. ऐंशी नाही, नव्वद नाही. एकशे दहा.

लोक ओरडत होते. विठोबा खोताचा म्हातारा मला म्हणतो, "सगुणाबाय, मरायच्या आदी बगायला मिळालं." मी हसत होते आणि डोळ्यांना पाणी. चंद्राबाई तिथं उभी नव्हती. शोधलं तर दूर वाळूत बसलेली, पाठ दर्याकडं.

घरी येऊन नारळीभात केला. दयारामनं ताटातला पहिला घास मला भरवला.

ता. ३० ऑगस्ट, गुरुवार

अलिबागेहून कागद आला. बंदराचा साहेब गणपती झाल्यावर बाण पाहायला येणार, पंचवीस सप्टेंबरला. पसंत पडला तर इथं खाडीच्या तोंडाशी छप्पर घालून बाण ठेवतील आणि दयाराम त्याचा राखणदार, सरकारी! म्हणजे घरी राहणार. इथंच! मग लग्न. मुलगी मी बघून ठेवलीय, तळा गावची आहे, नाव इथंही लिहीत नाही, दृष्ट लागेल.

ता. ८ सप्टेंबर, शनिवार

साहेबासाठी सहा बाण ठासले. मीच ठासले, चंद्राबाईला हात लावू दिला नाही. मसाला जरा ओलावून भरायचा, मग सुकवायचा. दयारामनं खोपीत बांबूवर टांगले आणि म्हणाला, "आजी, हे सावलीतच. पंधरा दिवस. हात लावू नकोस." मी म्हटलं, बाबा, तुझ्या बापाच्या लहानपणापासून सुकवतेय मी.

तो उद्या मुंबईला जातो, खुष्कीच्या वाटेनं, दोर आणि कप्पी आणायला. गणपतीला नाही राहत म्हणे. मोदक कोण खाईल?

ता. १६ सप्टेंबर, रविवार

गणपती गेले. पाऊस मात्र जायचं नाव नाही. भिंतींना बुरशी, मिठाचं पाणी झालंय. खोपीत जाऊन बाणांना हात लावला. गार. ओले नाहीत पण गार, दमट. असे बाण साहेबासमोर फुसके निघाले तर? पोराची चार महिन्यांची मेहनत, सगळ्या गावासमोर हसं.

मामंजींची रीत आठवली. पावसात लग्नाचं दारूकाम आलं की ते घरी वाळू तापवायचे, पाटीतनं खोपीत न्यायचे, हाताला सोसेल एवढी निवू द्यायचे आणि तिच्यात बाण पुरून ठेवायचे. दोन दिवसांत खणखणीत. आमचे बाण पावसातही उडतात हे नाव त्या वाळूनं मिळवलंय.

तसंच केलं. चार वेळा वाळू बदलली. कंबर मोडली, पण आता नळकांडी कशी कोरडी! पुसून परत बांबूवर टांगून ठेवली. कोणाला सांगितलं नाही. दयाराम आला की म्हणेल, बघ आजी, सावलीत कसे छान सुकले! मी नुसती हसेन. म्हाताऱ्या माणसाची एवढी गंमत असू दे.

ता. २५ सप्टेंबर, मंगळवार

फुटला. दयारामला अलिबागेला नेला. चंद्राबाई बरोबर गेली. मला लिहवत नाही.

ता. ३० सप्टेंबर, रविवार

जिवंत आहे. अहमद रोज जाऊन येतो, तो सांगतो. उजव्या हाताची तीन बोटं गेली. उजवा डोळा गेला. पोर पाणी पितं, बोलत नाही.

कसं झालं ते लिहिते. दोन साहेब आले होते. एक बंदराचा, एक पुण्याहून लष्करातला – तो कसा आला कोण जाणे. बरोबर कारकून. गाव सगळा. दयारामनं वात लावली, मागं सरला. पण बाण नीट टेकला नाही वाटून पुन्हा वाकला, बाणाखालची लाकडी घोडी सारखी करायला. तेवढ्यात. बाण गेलाच नाही. जागच्या जागी फुटला. पत्रा सगळीकडं.

बंदराच्या साहेबानं टोपी काढली. मग कागदावर काही लिहिलं. कारकुनानं अहमदला सांगितलं, मसाला धोक्याचा आहे, बंद, पुन्हा लावायचा नाही. लष्करातला साहेब पत्र्याचे तुकडे गोळा करत होता. एक तुकडा माडात घुसलेला, तो बोटानं चाचपून काहीतरी बोलला. कारकून म्हणाला, "साहेब म्हणतायत, दोरी नेणारा फुटला तर तोटा. आमचा पोचून फुटला तर बरंच."

माडातनं चीक गळत होता.

ता. १ ऑक्टोबर, सोमवार

आज खोपीत गेले. उरलेले पाच बाण तसेच टांगलेले. एक काढला, लाकडाच्या पाचरीनं हळूहळू पत्रा उकलला.

पत्रा आणि मसाला यांच्यामध्ये फट होती. भाताचा दाणा शिरेल एवढी. सगळ्या बाजूनं.

आमची कागदाची नळी मसाल्याबरोबर आवळते. पत्रा आवळत नाही. मसाला वाळूच्या धगीनं भरभर सुकला, आत आक्रसला, पत्रा जिथल्या तिथं. आग फटीतनं सगळीकडं एकदम धावली असणार. चाळीस वर्षं दारूकाम केलंय, मला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून सावली. म्हणून पंधरा दिवस.

दुसरा उकलला. तसाच.

मी. मी केलं हे.

पाचही टोपलीत घातले आणि ओहोटीला खाडीत नेऊन टाकले.

ता. ९ ऑक्टोबर, मंगळवार

दयारामला घरी आणला. डोक्याला पट्टी, हाताला पट्टी. अंगणात येऊन पहिलं काय म्हणाला – "आजी, बाकीचे पाच कुठं आहेत? उकलून बघायचेत."

मी म्हटलं, खोपी गळली, भिजले, टाकून दिले.

तो अंगणातच बसला.

ता. १३ ऑक्टोबर

डाव्या हातानं आकडे लिहितो. पाटी शिकणाऱ्या पोरासारखे. मी याच्याच पाटीवर याच्याबरोबर अक्षरं शिकले. तो पाच वर्षांचा, मी चाळिशी ओलांडलेली. 'ग' काढताना तो माझा हात धरायचा. आज त्याचा हात मी धरू म्हटलं तर झटकला.

"आकडे बरोबर आहेत आजी. सगळे बरोबर आहेत. मग का फुटला?"

मग – "ठासताना काही वेगळं झालं होतं का?"

नाही, म्हटलं. ते खरं होतं. ठासताना काहीच वेगळं झालं नव्हतं. असं खरं बोलता येतं माणसाला!

दसरा

खोपीत पूजा नाही केली. मोगरी घरात आणून तिलाच फूल वाहिलं.

एक लिहायचंय. लाज वाटते. पोर माझ्या हातनं जेवतं आता. उजवा हात चालत नाही, डाव्याची सवय नाही, आमटी सांडते. मी भरवते. परवा वालाची उसळ भरवताना मला – आनंद झाला. पोर घरी आहे, दर्यावर नाही, मुंबईत नाही, समोर बसून जेवतंय. वाटलं, आता हा बाणाचं नाव घेणार नाही. नाही सांगितलं तर काय बिघडतं? बाण वाईट होता असं वाटून राहील आणि घरी राहील. सांगितलं तर काय? पुन्हा खोपीत जाईल, पुन्हा वात लावेल. एक डोळा तरी राहू दे.

आणि दुसरंही आहे. सांगितलं तर माझ्या हातनं जेवेल का?

देवा, यातलं मोठं कारण कोणतं ते मला विचारू नको.

ता. २९ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याहून पत्र. त्या लष्करातल्या साहेबाचं. तिथल्या कारखान्यात काम आहे. दयारामनं वाचून दाखवलं, आवाज अगदी सपाट. बाण लांब जातो हे साहेबानं ऐकलंय, फुटतो हे पाहिलंय, दोन्ही एकत्र पाहिजेत.

चंद्राबाई म्हणाली, "नाही म्हणून लिही."

तो म्हणाला, "का? दोरी न्यायला केला तर फुटला. म्हणजे तो फुटण्याच्याच कामाचा आहे. ज्याचं जे काम."

"आणि फुटून माणसं मरतील ती?"

"माझ्या हातनं आणखी काय होणारंय, आई? हात बघ."

मी चुलीशी होते. भाकरी करपली. 

ता. ३ नोव्हेंबर

जायचं ठरलं. पाडव्यानंतरच्या सोमवारच्या बोटीनं मुंबई, मग पुणे. घरी ठेवायला गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानंच हा चाललाय! कोणाला सांगू? तोंड उघडते, मीठ आहे का विचारते, मिटते.

दिवाळी

आमच्या दारात फटाका नाही. चौलची माणसं दारूकाम मागायला आली होती, दत्ताच्या जत्रेचं. नाही म्हणून सांगितलं. चार पिढ्यांत पहिल्यांदा. जाताना त्यातली एक कोकिळा म्हणून बाई होती, ती म्हणाली, "हात चालत नाय का आता, आज्जे?" नाही म्हटलं, चालत नाही.

पणत्या लावल्या. चंद्राबाई पणत्यांकडं बघून म्हणाली, "एक दर्यानं नेला. एक सरकार नेतंय." माझ्याकडं बघून नाही म्हणाली. तरी.

ता. १० नोव्हेंबर, शनिवार

आज अहमद आला. थट्टा नाही, काही नाही. ओटीवर बसला. म्हणाला, काल येताना त्याच जागी मचवा कलंडला होता, वीस माणसं आत, देवानं वाचवलं. मग म्हणाला, "दयाराम, जायच्या आदी मला एक बान करून दे. साहेब नको, कागद नको. मी गुपचूप ठेवीन. वेळ आली तर लावीन. नुसता एक."

दयाराम म्हणाला, "अहमदचाचा, मी दिलेल्या बाणानं तुझी माणसं मरतील."

"नारळी पुनवंला मी होडीत व्हतो ना? माज्या डोस्क्यावरनं गेला. म्या दोरी हातात धरलीया. बान चांगला हाय."

"तो एक नशिबानं गेला. चाचा, मी बापासाठी केला हा. आणि बरं झालं तो बुडाला त्या दिवशी हा बाण नव्हता. असता आणि मी तिथं असतो तर दोरीऐवजी हेच गेलं असतं त्याच्या अंगावर. माझ्याच हातनं मेला असता."

अहमद उठला. दारात उभी होते मी, माझ्या पायांना हात लावून गेला. यापूर्वी कधी लावला नव्हता.

पोर असं समजून जगणार. माझ्या वाळूमुळं. तिकडं पुण्याला जाऊन दिवसभर फुटणारे बाण ठासणार आणि मनात म्हणत राहणार, माझा हातच असा. बोटं गेली, डोळा गेला, ते मी केलं. पण हे? हे तर मी रोज करतेय. सकाळी उठून करतेय, भरवताना करतेय.

ता. ११ नोव्हेंबर, रविवार

त्याची पेटी भरली. दोन धोतरं, सदरे, सुकट, आमसुलं, तांदळाचं पीठ. पुण्याला चांगला तांदूळ मिळत नाही. आकड्यांची वही पेटीत ठेवायला गेले तर म्हणाला, "ती चुलीत घाल." घातली नाही. तांदळाच्या डब्यात लपवली. लपवायचंच येतं मला.

दुपारी ओटीवर बसले होते. तो समोर. दोनदा म्हटलं, दयाराम. दोनदा म्हणाला, काय आजी. दोनदा म्हटलं, काही नाही.

बोट उद्या सकाळी आठाला. मचवा साताला सुटेल.

ता. १२ नोव्हेंबर, सोमवार

मचव्यात एक पाय ठेवला होता त्यानं. तेव्हा सांगितलं. वाळू, फट, पाच बाण, सगळं. अहमद वल्हं धरून ऐकत उभा. दयाराम ओरडला नाही. एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिला, मग पेटी खांद्यावर घेऊन घराकडं चालू लागला. बोट त्याच्याविना गेली.

घरी आल्यावर म्हणाला, "खोपीची चावी." दिली. "आजपासून तू आत यायचं नाहीस."

आता खोपीतनं मोगरी ऐकू येते. चंद्राबाई ठासतेय. आठवा ठोका जड पडला. मी अंगणात आहे. सांगायला जाता येत नाही.